नव्या घराची वायरिंग: प्लास्टरआधी करायचे नियोजन

मुंबईत नवे घर बहुधा दोन वाटांनी मिळते. पुनर्विकासातून किंवा विकासकाकडून फ्लॅट हाती येतो, नाहीतर गावठाणात, कोळीवाड्यात किंवा वसई-उत्तनच्या बाजूला स्वतःच्या जागेवर दोन मजले उभे राहतात. दोन्ही ठिकाणी फरशी, रंग आणि स्वयंपाकघराच्या ओट्याचा दगड निवडण्यात आठवडे जातात, मात्र विजेचे पॉइंट कुठे असावेत हे इलेक्ट्रिशियन खडूने भिंतीवर खुणा करत असताना तासाभरात उभ्याउभ्या ठरते. राहायला गेल्यानंतर फ्रीजमागून एक, टीव्हीखालून दुसरी आणि पलंगाखालून तिसरी एक्स्टेन्शन कॉर्ड निघते ती या घाईमुळेच, आणि प्लास्टर लागलेल्या भिंतीत पुन्हा झिरी (पाइपसाठी खाच) मारणे महागही पडते व त्रासाचेही होते. म्हणून पुढे दिलेला क्रम पाळावा. आधी फर्निचर ठरवावे, मग पॉइंट, त्यानंतर वीजभार, मग सर्किट, आणि वायर व स्विच यांची खरेदी सर्वांत शेवटी करावी.

भिंत कशाची आहे ते आधी पाहावे

स्वतःचे घर बांधताना स्लॅबमधले पाइप आणि पंख्यांचे फॅन बॉक्स स्लॅब भरण्यापूर्वीच सळयांच्या जाळीत बसवावे लागतात. म्हणजे छताचा आराखडा सेंटरिंग (स्लॅबचा साचा) होण्याआधी कागदावर तयार असला पाहिजे. भिंतींचे पाइप वीटकाम झाल्यावर आणि प्लास्टर लागण्यापूर्वी बसतात, त्यामुळे भिंतींबाबत विचार करायला थोडा जास्त वेळ मिळतो.

फ्लॅटची गोष्ट वेगळी आहे. मुंबईतल्या अनेक नव्या उंच इमारती ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या काँक्रीटच्या आहेत, ज्याला बांधकामाच्या भाषेत मायवान म्हणतात. अशा घरात बहुतेक भिंती वीट किंवा ब्लॉकच्या नसून आरसीसीच्या असतात आणि इमारतीचा भार त्यांच्यावर असतो. त्यांत झिरी मारणे म्हणजे काँक्रीट आणि सळईला धक्का लावणे होय, म्हणून ते कदापि करू नये. तिथे पॉइंट हलवायचा असेल तर फॉल्स सीलिंगमधून, लाकडी पॅनेलमागून किंवा भिंतीवर बसवलेल्या नीटस केसिंगमधून वायर न्यावी. ताबा मिळण्याच्या बऱ्याच आधी, म्हणजे आपल्या मजल्याचे काँक्रीट होण्यापूर्वी, पॉइंटचा नकाशा मागून घेता आला तर बदल सुचवायची तीच खरी वेळ असते. ब्लॉकच्या किंवा विटांच्या भिंतीत झिरी चालते, परंतु तीही उभी आणि कटरने कापलेली असावी. छिन्नी-हातोडीने फोडलेल्या लांब आडव्या झिरीमुळे चार इंची भिंत कमकुवत होते. कॉलम आणि बीम यांना कोणत्याही घरात हात लावू नये.

फर्निचर मांडून पॉइंट ठरवावेत

घराचा नकाशा मोठ्या कागदावर काढून त्यावर पलंग, कपाट, सोफा, जेवणाचे टेबल, टीव्ही, फ्रीज आणि वॉशिंग मशीन खऱ्या मापाने मांडावीत. दार कोणत्या बाजूला उघडते हेही दाखवावे, कारण उघडलेल्या दारामागे गेलेला स्विचबोर्ड ही आपल्याकडे नेहमी दिसणारी चूक आहे. दिव्याचा स्विच दाराच्या कडीच्या बाजूला, जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असला की अंधारात हात आपोआप तिथे जातो.

बेडरूममध्ये दारापाशी आणि पलंगापाशी असा दुहेरी स्विच, म्हणजे टू-वे, किमान एका दिव्याला आणि पंख्याला ठेवावाच. घरात ज्येष्ठ माणसे असतील तर पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर जमिनीलगत एक मंद दिवा द्यावा. मोबाईल आता दोन्ही उशांशेजारी चार्जिंगला लागतो, म्हणून पलंगाच्या दोन्ही बाजूंना सॉकेट हवे. एसीचा पॉइंट सुमारे ७ फुटांवर, ज्या बाजूने पाइप बाहेर जाणार त्याच बाजूला घ्यावा. एसीचे पाणी वाहून नेणारी नळी आणि तांब्याचे पाइप कुठून जाणार हे त्याच वेळी ठरवले नाही, तर सहसा विजेच्या पॉइंटवरच पाणी ठिबकते.

हॉलमध्ये टीव्हीच्या मागे चार-पाच सॉकेट घ्यावीत आणि त्याच ठिकाणी इंटरनेटच्या फायबरसाठी मुख्य दारापासून वेगळा रिकामा पाइप आणून ठेवावा. विजेची वायर आणि इंटरनेटची केबल एकाच पाइपमधून नेऊ नये. राउटर घराच्या मध्याजवळ असावा, म्हणजे आतल्या खोलीत सिग्नल पोचतो.

मराठी घरात आणखी दोन पॉइंट असायलाच हवेत, आणि ते नकाशात जवळजवळ कधीच दिसत नाहीत. पहिला आकाशकंदिलाचा. गॅलरीच्या किंवा खिडकीच्या वरच्या बाजूला बाहेर हूक आणि लॅम्प होल्डर, आणि त्याचा स्विच घरात, अशी सोय केली की दर दिवाळीला खिडकीच्या फटीतून दाबून नेलेली, सोललेली वायर टळते. हा पॉइंट पावसात भिजणार असल्याने होल्डर पाण्यापासून संरक्षित प्रकारचा घ्यावा. दुसरा पॉइंट गणपतीचा. घरात मूर्ती कुठे बसते ते घरातील मोठ्यांना विचारून त्या कोपऱ्यात दोन-तीन सॉकेट घ्यावीत. त्यांचा स्विच मखरामागे न जाता बाजूला हाताशी राहील असे पाहावे, कारण सजावटीची दिव्यांची माळ आणि समई यांच्या मागे हात घालून स्विच बंद करणे धोक्याचे असते. देवघर कायमचे असेल तर निरांजनाची ज्योत जिथवर पोचू शकते त्या अंतरात सॉकेट ठेवू नये.

स्वयंपाकघराला सर्वांत जास्त वेळ द्यावा

जास्त वीज घेणारी बरीच उपकरणे याच खोलीत असतात आणि ती सकाळी एकाच वेळी चालतात. ओटा साधारण ८५ सेंटिमीटर उंच असतो. ओट्यावरची सॉकेट जमिनीपासून १.१ मीटरच्या आसपास, म्हणजे दगडापासून वीतभर वर असावीत. त्याहून खाली घेतली तर ओटा पुसताना पाणी आत जाते, फार वर घेतली तर मिक्सरची वायर लोंबकळते. गॅसच्या शेगडीच्या मागच्या भिंतीवर आणि सिंकच्या तोंडाशी सॉकेट नसावे, दोन्हींपासून निदान दोन फुटांचे अंतर ठेवावे.

ओट्यापाशी उभे राहून कामाचा क्रम मनात आणावा. वाटण जिथे होते तिथे मिक्सरचे सॉकेट लागते, आणि त्याच्या शेजारी आणखी एक हवे, कारण मिक्सर चालू असतानाच हँड ब्लेंडर किंवा इलेक्ट्रिक किटली लागते. मायक्रोवेव्ह, इंडक्शन शेगडी आणि ओव्हन यांना १६ अँपियरचे सॉकेट लागते. फ्रीजचे सॉकेट फ्रीजच्या मागे आणि त्याचा स्विच ओट्याच्या वर हाताशी घ्यावा, म्हणजे फ्रीज न ओढता तो बंद करता येतो. ओट्याखाली डिशवॉशर कधी येण्याची शक्यता असेल तर हीच पद्धत वापरावी. वॉटर प्युरिफायर सिंकजवळ पण उंचावर असतो, चिमणीचा पॉइंट तिच्या नळीच्या बाजूला वर असतो. घरघंटी असेल तर तिची जागा आणि सॉकेट आत्ताच ठरवावे, कारण नंतर ती गॅलरीत जाते आणि तिची कॉर्ड दारातून येते. ओट्यावर वरच्या कपाटाची सावली पडत असल्याने कपाटाखाली एलईडी पट्टीची वायर आधीच सोडावी. विळी किंवा सुरी चालते तिथे स्वतःच्या सावलीत काम करावे लागू नये.

बाथरूम आणि पाणी

गीझरचा स्विच शक्यतो बाथरूमच्या दाराबाहेर असावा आणि तो २० अँपियरचा डबल पोल, म्हणजे फेज (वीज आणणारी वायर) व न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) दोन्ही तोडणारा असावा. आतले गीझरचे सॉकेट शॉवरचे शिंतोडे पोचणार नाहीत इतक्या उंचावर व बाजूला घ्यावे. आरशाजवळ ट्रिमरसाठी एक सॉकेट ठेवायचे असेल तर ते शॉवरपासून दूर आणि झाकण असलेले असावे. वॉशिंग मशीनची जागा बहुतेक मुंबईकर घरांत बाथरूमच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये किंवा गॅलरीत असते. तिथल्या सॉकेटची उंची नळाच्या वर आणि तोंड नळाच्या विरुद्ध बाजूला असेल असे पाहावे.

तळमजल्यावरच्या घरासाठी एक वेगळा विचार करावा लागतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहराच्या सखल भागांतील असंख्य घरांत पाणी शिरले. असे पाणी सॉकेटपर्यंत पोचले की घरातला प्रत्येक माणूस धोक्यात असतो. म्हणून सखल वस्तीत तळमजल्याची सर्व सॉकेट किमान १ मीटरच्या वर घ्यावीत, डीबी (घरातल्या सर्किटांना वीज वाटणारी पेटी) आणि मीटर त्याहून वर असावेत. दुमजली घर असेल तर तळमजल्याचा पुरवठा स्वतंत्र स्विचने तोडता यावा, म्हणजे खाली पाणी आले तरी वरचा मजला अंधारात राहत नाही.

वीजभार मोजावा आणि जोडणी ठरवावी

आता कागदावर प्रत्येक उपकरणापुढे वॉट लिहावेत. दीड टनाचा एसी साधारण १५०० ते १७०० वॉट घेतो, १५ लिटरचा साठवणीचा गीझर २००० वॉट आणि ३ लिटरचा इन्स्टंट गीझर ३००० वॉट. इंडक्शन शेगडी २००० वॉट, पाणी गरम करणारे वॉशिंग मशीन सुमारे २००० वॉट, मायक्रोवेव्ह १२०० वॉटच्या आसपास, इस्त्री १००० वॉट, मिक्सर ५०० ते ७५० वॉट. त्या मानाने दिवे आणि पंखे अगदी हलके असतात. साधा पंखा ७५ वॉट घेतो तर बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॉटमध्ये भागवतो.

दोन बेडरूमच्या घरात दोन एसी, दोन साठवणीचे गीझर आणि वर सांगितलेली इतर यंत्रे धरली तर एकूण जोडलेला भार १४ किलोवॉटच्या आसपास जातो. सगळे एकदम चालत नाही, पण सकाळी सातला दोन गीझर, इंडक्शन, फ्रीज, मिक्सर आणि पंखे चालू असतील तर ७ किलोवॉट सहज होतात, म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे ३० अँपियर. उन्हाळ्याच्या रात्री दोन एसी, त्यांत वॉशिंग मशीन आणि एक गीझर आला तरी आकडा तिथवरच पोचतो. ४० अँपियरची सिंगल फेज जोडणी २३० व्होल्टला ९.२ किलोवॉट देते, म्हणजे अशा घरात जेमतेम पुरते. तिसरा एसी, मोठा ओव्हन किंवा गाडीचा चार्जर यांपैकी काहीही डोक्यात असेल तर सुरुवातीलाच थ्री फेज जोडणी मागावी, असे माझे स्पष्ट मत आहे. नंतर भार वाढवायचा झाला तर मीटरपासून घरापर्यंतची मुख्य केबलच बदलावी लागते, आणि उंच इमारतीत ते काम सोपे नसते.

जोडणीसाठी कोणाकडे जायचे हे घराच्या पत्त्यावर ठरते. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहर भागात बेस्ट, उपनगरांच्या मोठ्या भागात अदानी इलेक्ट्रिसिटी किंवा टाटा पॉवर, आणि भांडुप-मुलुंडला महावितरण वीज पुरवते. नव्या जोडणीच्या अर्जासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. म्हणून काम सुरुवातीपासूनच परवानाधारकाकडे द्यावे. काम कुणा ओळखीच्या वायरमनने करायचे आणि शेवटी सही कुणा दुसऱ्याची आणायची, ही पद्धत सोडून द्यावी, कारण सही करणाऱ्याने भिंतीतले काम पाहिलेलेच नसते.

सर्किट आणि डीबी

डीबीत नेमके काय असते हे मालकाला कळलेच पाहिजे. एमसीबी, म्हणजे डीबीतला आपोआप बंद होणारा खटका, वायरचे रक्षण करते. शॉर्ट सर्किट झाले किंवा वायरच्या ताकदीपेक्षा जास्त भार आला की ती पडते, म्हणजे वीज बंद करते. माणसाचे रक्षण आरसीसीबी करते. फेजमधून गेलेला सगळा प्रवाह न्यूट्रलमधून परत न येता थोडा जरी जमिनीकडे किंवा माणसाच्या अंगातून गेला की ती वीज तोडते, आणि घरासाठी तिची संवेदनशीलता ३० मिलिअँपियर असावी. १०० किंवा ३०० मिलिअँपियरची आरसीसीबी आगीपासून बचावाला उपयोगी असली तरी विजेचा धक्का बसणाऱ्या माणसाला वाचवण्यासाठी ती पुरेशी नाही. एक यंत्र दुसऱ्याचे काम करत नाही, म्हणून दोन्ही हवीत, आणि यात काटकसर करू नये.

राष्ट्रीय विद्युत संहितेनुसार दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर १० पेक्षा जास्त पॉइंट किंवा ८०० वॉटपेक्षा जास्त भार नसावा, आणि १६ अँपियरची दोनपेक्षा जास्त सॉकेट एका पॉवर सर्किटवर नसावीत. एलईडीमुळे ८०० वॉट आता गाठले जात नाहीत, पण १० पॉइंटची मर्यादा तरीही पाळावी, कारण बिघाड शोधताना अर्धे घर बंद करावे लागत नाही. प्रत्येक एसी आणि प्रत्येक गीझर स्वतंत्र सर्किटवर घ्यावा. स्वयंपाकघराची १६ अँपियरची सॉकेट दोन किंवा तीन सर्किटांत विभागावीत, फ्रीज वेगळा ठेवावा. एकाच खोलीचे दिवे आणि सॉकेट एकाच एमसीबीवर नसावेत, म्हणजे इस्त्रीने एमसीबी पडली तरी खोलीत उजेड राहतो.

मुंबईच्या पावसात बाहेरच्या भिंतीत ओल येते आणि गॅलरीतल्या दिव्यातून थोडी गळती होऊन आरसीसीबी वारंवार पडते. संपूर्ण घराला एकच आरसीसीबी असेल तर रात्री-अपरात्री घर अंधारात जाते, आणि कंटाळून लोक ती काढून टाकायला सांगतात. हे अत्यंत घातक आहे. त्याऐवजी सर्किटांचे दोन-तीन गट करून प्रत्येकाला वेगळी आरसीसीबी द्यावी आणि गॅलरी, कंदील व बाहेरचे पॉइंट एका गटात ठेवावेत. प्रत्येक सर्किटाची न्यूट्रल वायर डीबीपर्यंत वेगळी आणावी. दोन सर्किटांची न्यूट्रल मध्येच कुठेतरी एकत्र जोडली तर आरसीसीबी विनाकारण पडत राहते आणि कारण सापडत नाही. इन्व्हर्टर बसवायचा असेल तर त्याचे दिवे, पंखे आणि राउटर यांचे सर्किट आणि त्याची न्यूट्रल पहिल्यापासूनच वेगळी ठेवावी. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगरातला वीजपुरवठा एकाच वेळी खंडित झाला होता, त्यामुळे इथे वीज कधी जातच नाही असे धरून चालू नये.

वायर, पाइप आणि अर्थिंग

दिवे-पंख्यांना १.५, ६ अँपियरच्या सॉकेटना २.५ आणि एसी, गीझर व १६ अँपियरच्या सॉकेटना ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी. एमसीबी नेहमी वायरपेक्षा कमी ताकदीची हवी. १.५ ची वायर पाइपमधून जाताना साधारण १३-१४ अँपियरच सहन करते, तिच्यावर २० अँपियरची एमसीबी लावली तर एमसीबी पडण्याआधी वायर तापते. एमसीबी सारखी पडते म्हणून मोठी बसवून घेणे ही म्हणूनच आग लावण्याची तयारी आहे.

वायरवर आयएसआय चिन्ह, आयएस ६९४ हा मानक क्रमांक आणि परवाना क्रमांक छापलेला असतो, तो बीआयएस केअर ॲपवर पडताळता येतो. लोहार चाळीच्या विद्युत बाजारात एकाच नावाच्या वायरचे दोन भाव ऐकू आले तर स्वस्त भावामागे काय आहे ते आधी विचारावे आणि पक्के बिल घेतल्याशिवाय माल उचलू नये. बंडल ९० मीटरचे असते. आग पसरू न देणारी आणि धूर कमी करणारी वायर थोडी महाग पडते, पण बंद फ्लॅटमध्ये आग लागल्यास माणसे गुदमरतात ती धुराने, त्यामुळे हा खर्च करावा. पैसे वाचवायचेच असतील तर स्विचच्या चकचकीत प्लेटमध्ये वाचवावेत. त्या पाच वर्षांनी बदलता येतात, भिंतीतली वायर नाही.

पाइपमध्ये वायर गच्च कोंबू नयेत. निम्म्याहून थोडा जास्त भाग रिकामा राहिला तर वायर ओढता येतात आणि पुढे बदलताही येतात. टीव्हीच्या मागे, गॅलरीत आणि स्वतःचे घर असेल तर गच्चीपर्यंत एकेक रिकामा पाइप टाकून ठेवावा, म्हणजे पुढे सौर पॅनेल बसवताना भिंत फोडावी लागत नाही. समुद्राजवळच्या घरात लोखंडी बोर्ड-बॉक्स काही वर्षांत गंजतात, तिथे प्लास्टिकचे चांगले बॉक्स वापरावेत.

अर्थिंग, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणारी जोडणी, दिसत नाही म्हणून सर्वांत दुर्लक्षित राहते. जुन्या चाळींत अर्थची वायर नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली असे आणि पाइप प्लास्टिकचे झाल्यावर ती कुठेच पोचत नसे. आज तर ही पद्धत मान्यही नाही. स्वतंत्र घराला आयएस ३०४३ नुसार स्वतःचा अर्थिंगचा खड्डा हवा, फ्लॅटमध्ये मीटर रूममधून येणारी अर्थ वायर डीबीपर्यंत आहे का ते डोळ्यांनी पाहून घ्यावे. प्रत्येक तीन पिनच्या सॉकेटला हिरवी वायर गेलीच पाहिजे. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांची पट्टी जोडून अर्थिंग असल्याचे दाखवणारे कारागीर असतात. तसे दिसले तर काम तिथेच थांबवावे, कारण न्यूट्रल तुटली की फ्रीजच्या दारात फेज येते.

चाचणी आणि कागद

प्लास्टर लावण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, मोजपट्टी लावून, मोबाईलवर फोटो काढावेत. कोणता पाइप कोपऱ्यापासून आणि जमिनीपासून किती अंतरावर आहे हे त्यात दिसले पाहिजे, म्हणजे पुढे कपाटासाठी भिंतीत ड्रिल मारताना वायर वाचते. काम संपल्यावर ठेकेदाराकडून ५०० व्होल्टच्या मेगर या मापकाने वायरचे इन्सुलेशन (वीज गळू न देणारे आवरण) तपासून घ्यावे, वाचन १ मेगाओहमपेक्षा जास्त असावे. प्रत्येक सॉकेटमध्ये समोरून पाहता वरचे मोठे छिद्र अर्थ, उजवे फेज आणि डावे न्यूट्रल आहे ना ते तपासावे. स्विच फेजवरच असावा. तो न्यूट्रलवर असेल तर दिवा बंद करूनही होल्डरमध्ये वीज राहते आणि बल्ब बदलणाऱ्याला धक्का बसतो. अर्थिंगचे वाचन अहवालात लिहून घ्यावे आणि आरसीसीबीवरचे टेस्ट बटण आपल्या हाताने दाबून ती पडते हे पाहावे.

डीबीतल्या प्रत्येक एमसीबीखाली मराठीत नाव लिहून घ्यावे, जसे की ‘गीझर, मोठे बाथरूम’ किंवा ‘ओटा, डावी बाजू’, म्हणजे घरातल्या कुणालाही अंधारात टॉर्च धरून योग्य खटका सापडतो. विकासकाकडून घेतलेला फ्लॅट असेल तर ताब्याच्या वेळचा वायरिंगचा नकाशा मागून ठेवावा. रेरा कायद्याप्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील किंवा सोयींमधील दोष आढळल्यास तो विकासकाने दुरुस्त करून द्यायचा असतो, आणि मूळ वायरिंग कोणती व आपण नंतर बदललेली कोणती हे त्या नकाशावरून व फोटोंवरून दाखवता येते. चाचणी अहवाल, नकाशा, फोटो आणि वायर व आरसीसीबीची बिले एकाच फाइलमध्ये ठेवावीत, आणि आरसीसीबीचे टेस्ट बटण दर महिन्याला, वीजबिल येते त्याच दिवशी, एकदा दाबावे.